मास्तरांनी दाबलेला ब्रेक

१

माझ्या नोकरीत कोणीच कधी चुकत नाही. विमा कंपनीत गाड्यांचे क्लेम तपासायचे म्हणजे दिवसभर निष्पाप माणसांच्या कहाण्या ऐकायच्या. खांब अंगावर धावून येतात, भिंती आडव्या येतात, समोरच्याचं लक्षच नसतं. एका गृहस्थांनी तर उभ्या झाडाने आपल्याला कट मारला असं मला तोंडावर सांगितलं होतं, आणि सांगताना त्यांचा चेहरा अगदी गंभीर होता.

त्यामुळे त्या सकाळी फोनवर एक बाई म्हणाली, "चूक माझी आहे हं. शंभर टक्के माझीच," तेव्हा मी कॉफीत बुडवलेलं बिस्किट तसंच विसरले. ते कपात पडलं.

"काय झालं ते सांगा," मी म्हणाले.

"गाडी मागे घेत होते. मागे व्हॅन उभी होती, कुलूपवाल्याची. बघितलीच नाही मी. जाऊन आदळले. कोणाला लागलं नाही. त्याच्या दाराला पोचा आलाय, आमचा बंपर चेपलाय. घरच्यांपैकी कोणाचाच यात संबंध नाही. मीच चालवत होते. लिहून घेतलंत ना?"

"घेतलं. फोटो पाठवा."

तिच्या मागे कोणीतरी खोकल्याचं औषध मागत होतं. बाई औषधाच्या दुकानात काम करत असणार. फोन ठेवताना ती पुन्हा म्हणाली, "मीच हं." एवढ्या हौसेने चूक अंगावर घेणारं माणूस मी आजवर पाहिलं नव्हतं.

साहेब खांद्यावरून डोकावले. "छोटा क्लेम दिसतोय. कबुली आहे, भांडण नाही. मिटवून टाका."

मिटवणारच होते. तेवढ्यात फोटो आले. व्हॅनचं मागचं दार चेपलेलं. बाईंच्या निळ्या गाडीचा बंपरही चेपलेला, त्यांनी सांगितला होता तसाच.

फक्त तो पुढचा बंपर होता. गाडी मागे घेताना तिचं नाक कसं काय चेपतं, हे मला कोणीतरी समजावून सांगायला हवं होतं. मी पर्स उचलली.

२

कुलूपवाल्याचं दुकान एका बारक्या, उताराच्या रस्त्यावर होतं. एका बाजूला शिवणाच्या यंत्रांची दुरुस्ती, दुसऱ्या बाजूला चष्म्याचं दुकान. फुटपाथला लागून त्याची पिवळी व्हॅन उभी होती आणि तिच्या मागच्या दारावर माणसाच्या उंचीची किल्ली रंगवलेली होती. पोचा नेमका किल्लीच्या दातांवर आला होता. बशीएवढा असेल.

"आता ही किल्ली कुठल्याच कुलपाला लागायची नाही," कुलूपवाला म्हणाला आणि स्वतःच खो खो हसला. गडी गोल, बुटका, बोलका. साक्षीदार असावा तर असा.

"तुमची तक्रार नाही?"

"तक्रार कसली, मॅडम! मास्तरांच्या हातून आलेला पोचा आहे. ह्या रस्त्यावर ज्याला गाडी चालवता येते, त्याला मास्तरांनीच शिकवलीय. मलाही. दार सरळ करून रंग मारून मिळाला की झालं."

"मास्तर? पण मला तर फोनवर औषधाच्या दुकानातल्या एका बाईंनी सांगितलं की त्याच..."

"मास्तरांच्या सूनबाई?" त्याने भुवया उंचावल्या. "त्या तर तेव्हा दुकानात होत्या. सकाळी मीच त्यांच्याकडून मलम घेतलं की. नाही नाही, गाडीतून मास्तर आले होते. मास्तर आणि काकू. माझ्याकडे कपाटाची किल्ली करायला टाकली होती ना त्यांनी, ती न्यायला."

"तुम्ही धडक पाहिलीत?"

"ऐकली. हात धूत होतो मागे. धप्प झालं, तसा साबणाच्या हातांनीच पळत बाहेर. बघतो तर मास्तर इथे, फुटपाथवर, गाडीच्या छताला हात लावून उभे. चेहरा असा, जणू गाडी नाही, कोणाचं बाळ पाडलंय. गुडघेदुखीमुळे धड चालताही येत नाही त्यांना, म्हणून मी आधी खुर्ची आणली. आणि काकू तिकडे भर रस्त्यात उभ्या राहून सायकलवाल्यांना हाताने थांबवतायत, गाडीला कोणी धडकू नये म्हणून. काकू म्हणजे काय विचारू नका. मास्तरांच्या ड्रायव्हिंग स्कूलचं ऑफिस त्यांनीच चालवलं. सगळे नियम तोंडपाठ."

"मग गाडी घरी कोणी नेली?"

"मीच नेली. मास्तर चावीला हात लावेनात. पण एक सांगतो, एवढा उंच माणूस सीट इतकी पुढे ओढून का बसतो, कळत नाही. मी असा हा बुटका, तरी माझे गुडघे स्टिअरिंगला लागले. वय झालं की माणूस काचेजवळ सरकत असेल."

त्याने पोच्यावरून हात फिरवला. मग म्हणाला, "मॅडम, मास्तर शिकवताना कधी ओरडले नाहीत हो. मी तर घाबरून ब्रेक कुठला तेच विसरायचो. पण काही ठोकायच्या आत गाडी आपोआप अलगद थांबायची. मला कितीतरी दिवस वाटायचं, गाडीच शहाणी आहे. त्या माणसाच्या हातून असं व्हावं?"

मी मनातल्या मनात रिपोर्ट लिहायला घेतला. सासऱ्यांची चूक सून पोटात घालतेय. एवढंच. मी निघाले तेव्हा माझ्या मते प्रकरण सुटलं होतं, आणि असं वाटलं की माझं हमखास चुकतं.

३

निळी गाडी मास्तरांच्या दारात उभी होती. आत जाण्याआधी मी तिच्याभोवती एक चक्कर मारली. गाडीवर धुळीचा पातळ थर होता, पण बोनेटच्या मधोमध एक चौकोन स्वच्छ होता, आणि तसाच दुसरा मागे डिकीवर. काचेतून आत पाहिलं. ड्रायव्हरच्या पायाखालची रबरी चटई इस्त्री केल्यासारखी सपाट. शेजारच्या सीटखालची मात्र पुढे गोळा होऊन चुरगळलेली. सामानाची पिशवी घसरली असेल, असं म्हणून मी घंटी वाजवली.

दार मास्तरांच्या मुलाने उघडलं. हा इमारतींच्या लिफ्ट तपासणारा इंजिनिअर. सगळं जग कधी ना कधी दोरी तुटून खाली येणार, असा त्याच्या चेहऱ्यावर कायमचा भाव.

"बरं झालं आलात," मला बसू न देताच तो म्हणाला. "माझ्या बायकोने तुम्हाला काय सांगितलंय ते मला कळलंय. खोटं आहे ते. बाबांनी ठोकली. मी केव्हापासून सांगतोय, आता चालवणं बंद करा. तुम्ही फक्त रिपोर्टमध्ये स्पष्ट लिहा की चालकाची चूक, वयामुळे. तो कागद हातात आला की चावी माझ्याकडे आणि गाडी विकायला. गिऱ्हाईकही बघून ठेवलंय मी."

"ऐकतोय मी," आतून आवाज आला.

मास्तर खिडकीपाशी बसले होते. उंच, ताठ, केस पांढरेशुभ्र, बूट चकाकणारे. समोर टेबलावर गाडीची चावी होती, आणि ते तिच्याकडे न बघण्याचा प्रयत्न करत होते. बाजूला त्यांची पत्नी, म्हणजे सगळ्यांच्या काकू. इवलीशी बाई, पण बसली होती ती खुर्चीच्या काठावर, कोणत्याही क्षणी उठेल अशी.

"मास्तर, काय झालं ते मला तुमच्या तोंडून ऐकायचंय."

"चूक माझी," मास्तर म्हणाले. "व्हॅनच्या मागे गाडी लावायची होती. हळूच पुढे येत होती गाडी. अंतर कमी झालं. मी ब्रेक दाबला."

"आणि?"

"पूर्ण दाबला. वेळेवर दाबला. लागला नाही."

"म्हणजे ब्रेक निकामी झाला?"

"तसं मी म्हणत नाही. मी दाबला आणि लागला नाही, एवढंच म्हणतोय. खोटं बोलायची मला सवय नाही."

मुलाने माझ्याकडे बघून मान हलवली, बघा म्हणून. काकूंनी पदराची कड बोटाभोवती गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली.

"मास्तर, मी तुमचा मुलगा म्हणतोय तसं लिहिलं, तर तुमची गाडी जाईल," मी म्हणाले.

"जाऊ दे." त्यांनी चावी दोन बोटांनी माझ्या दिशेने सरकवली. "तुम्हाला लिहायचं ते लिहा. फक्त प्रश्न विचारणं आता पुरे करा."

ज्याने आयुष्यभर दुसऱ्यांच्या हातात स्टिअरिंग दिलं, तो माणूस स्वतःचं स्टिअरिंग असं सुखासुखी सोडतो? लोक एका ओरखड्यासाठी माझ्याशी तास तास भांडतात. ह्यांनी एका शब्दाने भांडू नये?

काकू एकदम उठल्या आणि म्हणाल्या, "कॉफी टाकते." जाताना त्यांचा हात मास्तरांच्या खांद्यावर टेकला, आणि मास्तरांनी अगदी किंचित मान हलवली. नको, असं.

काय नको?

४

गाडी गॅरेजमध्ये नेली. गॅरेजवाला तिच्याखाली शिरला, बाहेर आला, एक फेरी मारून आला आणि हात पुसत म्हणाला, "ब्रेक एकदम झकास. नव्या गाडीला लाजवतील असे."

"मग दाबून लागले का नाहीत?"

"दाबलेच नसतील. ह्या वयात होतं असं. ब्रेक समजून ॲक्सिलरेटर दाबतात." तो सहज बोलून गेला आणि दुसऱ्या गाडीकडे वळला.

मला ते पटलं असतं, पण बशीएवढा पोचा डोळ्यांसमोरून हलेना. ब्रेक समजून ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला असता, तर ती पिवळी व्हॅन किल्लीसकट चष्म्याच्या दुकानात शिरली असती. ही तर नुसती रांगत जाऊन टेकली होती. म्हणजे ॲक्सिलरेटर दाबला नव्हता. ब्रेक दाबला असता तर थांबली असती. आणि खोटं बोलणारा माणूस "ब्रेक फेल झाला" म्हणून मोकळा होतो. "दाबला आणि लागला नाही" असलं अवघड वाक्य फक्त खरं बोलणाराच बोलतो.

कुठेतरी पाणी मुरत होतं. मी औषधाच्या दुकानात गेले.

पांढऱ्या कोटातल्या सूनबाईंनी मला बघताच गोळ्यांची पाकिटं पुन्हा पुन्हा एकावर एक रचायला सुरुवात केली.

"गाडी मागे घेताना पुढचा बंपर?" मी विचारलं.

तिने जीभ चावली. "पुढचा होता का? मी नीट बघितलंच नाही. फोटो काढायचे म्हणून काढले." मग एकदम तिचे डोळे भरले. "मॅडम, बाबांनी मला लग्नानंतर गाडी शिकवली. मी दोनदा कुंपण पाडलं, तरी म्हणाले, कुंपण परत लावता येतं. त्यांची चावी गेली तर ते आतून संपतील हो. माझ्या नावावर आणखी एक चूक आली तर काय फरक पडणार होता? घरात आम्ही सगळे असेच आहोत. काही फुटलं की प्रत्येक जण म्हणतो मीच फोडलं. फक्त हा माझा नवरा सोडून. तो कोणी फोडलं ते शोधतो."

"आणि तुमच्या सासूबाई? त्या गाडीत होत्या. त्या काय म्हणतात?"

"आई? त्या काहीच बोलत नाहीयेत. एरवी बडबड्या. मागे एकदा तर जेवताना म्हणाल्या, मीही आता गाडी शिकते. इतके हसलो आम्ही! हा तर ठसका लागेपर्यंत. त्याही हसल्या आमच्याबरोबर." तिने डोळे पुसले आणि त्या आठवणीनेच पुन्हा हसली.

मीही हसले. मग रस्त्यावर आले आणि मधोमध थांबले. मागच्या सायकलवाल्याने मला चुकवताना जे काही म्हटलं ते मी ऐकलं नाही, कारण माझ्या डोळ्यांसमोर दुसरीच बाई सायकलवाल्यांना थांबवत रस्त्यात उभी होती.

५

"मास्तर, एकदाच जागेवर येऊन दाखवा," मी म्हणाले. "गाडी मी चालवते. तुम्ही शेजारी बसा."

मुलगा कुरकुरला, मास्तरांनाही नको होतं, पण क्लेमचं काम म्हटल्यावर दोघांचाही इलाज चालला नाही. गॅरेजमधून परत आलेली गाडी दारातच होती. मास्तर गुडघ्यावर हात टेकून शेजारच्या सीटवर बसले आणि त्यांनी पट्टा लावला. मी गाडी सुरू केली.

"आरसा," मास्तर हळूच म्हणाले.

मी आरसा नीट केला.

उताराचा रस्ता आला. पिवळी व्हॅन तिथेच उभी होती. मी मुद्दामच इकडच्या तिकडच्या गप्पा काढल्या. पूर्वीचं स्कूल कुठे होतं, शिकवणीची गाडी कुठली होती. मास्तर खुलले. जुनी लाल गाडी होती म्हणाले, स्कूल बंद केलं तेव्हा ती विकली, आणि विकली त्या दिवशी जेवण गेलं नाही. बोलता बोलता मी गाडी व्हॅनमागे रांगत पुढे नेली. अंतर कमी कमी होत गेलं. मी काही केलं नाही.

मास्तर ओरडले नाहीत. "थांबा"सुद्धा म्हणाले नाहीत. त्यांचं वाक्यही तुटलं नाही. फक्त त्यांचा उजवा पाय विजेसारखा पुढे गेला आणि शेजारच्या सीटखाली जमिनीवर पूर्ण ताकदीने आदळला. धप्प!

मी कचकन ब्रेक मारला. गाडी किल्लीच्या वीतभर अलीकडे थांबली.

आम्ही दोघांनी खाली पाहिलं. मास्तरांच्या चकाकणाऱ्या बुटाखाली रबरी चटई पुढे गोळा होऊन चुरगळली होती. अगदी आधी होती तशीच.

मास्तरांनी पायानेच चटई सरळ केली. मग म्हणाले, "तिला काही बोलू नका. मी वचन दिलंय."

६

बैठकीच्या खोलीत सगळे जमले. मुलगा दाराला टेकून, सूनबाई दुकानातून पांढऱ्या कोटातच आलेली, मास्तर खिडकीपाशी, काकू खुर्चीच्या काठावर. अशा वेळी खोलीत येरझाऱ्या घालाव्यात असं मला फार वाटतं, पण खोली लहान होती. मी बसूनच बोलले.

"ह्या घरात कोणीही मला नीट खोटं सांगू शकलं नाही. सूनबाईंनी प्रयत्न केला, पण त्यांना गाडीची पुढची बाजू कुठली हेच आठवलं नाही. मास्तर मात्र एकही शब्द खोटं बोलले नाहीत. त्यांनी ब्रेक दाबला, वेळेवर दाबला, पूर्ण दाबला. मी आत्ता डोळ्यांनी बघितलंय."

"मग लागला का नाही?" मुलगा म्हणाला. "ब्रेक तर चांगले आहेत!"

"कारण मास्तर दाबत होते तिथे ब्रेक नाहीये. जन्मभर ते शिकवणीच्या गाडीत शिकणाऱ्याच्या शेजारी बसले. त्या गाडीत त्यांच्या पायाशी दुसरा ब्रेक होता. शिकणारा चुकला की ते ओरडायचे नाहीत, पाय द्यायचे. तो पाय अजून तसाच चालतो. लिफ्टवाले साहेब, तुमच्या वडिलांचा पाय तरुण माणसाला लाजवील इतका वेळेवर पडला. फक्त ही गाडी घरची आहे. खाली पेडल नव्हतं."

दाराला टेकलेला मुलगा सरळ उभा राहिला.

"म्हणजे बाबा शेजारच्या सीटवर होते?"

"म्हणून तर धडक झाल्याबरोबर ते फुटपाथवर उभे दिसले. त्यांच्या गुडघ्यांना गाडीला वळसा घालून तिथे पोचायला वेळ लागला असता. ते आपल्याच दारातून उतरले. आणि सीट इतकी पुढे होती की कुलूपवाल्याचे गुडघे अडकले. चालवणारं माणूस त्याच्याहूनही लहानखुरं होतं. बोनेटवर आणि डिकीवर धुळीत एकेक स्वच्छ चौकोन आहे. तिथे रोज काहीतरी चिकटवलं जातं आणि काढलं जातं. शिकाऊ चालकाचा 'एल' लावल्याशिवाय मास्तर गाडी हलवू देतील का? आणि धडक झाली तेव्हा रस्त्याच्या बाजूला, ड्रायव्हरच्या दाराकडे, कोण उभं होतं? ते सगळ्यांनी पाहिलं. पण ती गाडी चालवत असेल असं कोणाच्या डोक्यातच आलं नाही. माझ्याही नाही."

"पुरे," काकू म्हणाल्या आणि उठल्या. "गाडी मी चालवत होते."

"अगं," मास्तर म्हणाले.

"अगं काय? चावी तुम्ही देऊन टाकणार, आणि मी गप्प बसून बघणार? वचन मी घेतलं होतं तुमच्याकडून, मीच सोडवते."

"आई! तू?" मुलगा म्हणाला. "पण आम्हाला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं होतं. जेवताना. तुम्ही हसलात."

सूनबाईंनी तोंडावर हात ठेवला.

"मीही हसले," काकू म्हणाल्या. "दुसरं काय करणार? स्कूलच्या ऑफिसात मी बसायचे. इतक्या लोकांचे फॉर्म भरले, इतक्यांची लायसन्स ह्या हातांनी वाटली. पोरंसोरं येऊन शिकून गेली. मला कधी कोणी म्हणालं नाही, तूही बस. आणि मीही म्हटलं नाही. त्या रात्री तुम्ही सगळे हसत होतात, तेव्हा हे एकटे हसले नाहीत. भांडी आवरताना मला हळूच म्हणाले, उद्या सकाळी जमेल का?"

"बाबांच्या डोळ्यांचं ऑपरेशन ठरलंय, मग काही दिवस त्यांना चालवता येणार नाही, म्हणून शिकतेयस का?" मुलाने विचारलं. तो नेहमीप्रमाणे कारण शोधत होता. "तुला कुठे जायचं असलं तर मी नेईन ना."

"ऑपरेशन आहेच. पण खोटं कशाला सांगू? मला चालवायची आहे म्हणून शिकतेय. बस."

मुलगा टेबलापाशी आला आणि मी परत ठेवलेल्या चावीकडे बघत उभा राहिला. लिफ्टच्या दोऱ्या तपासायची सवय असलेला माणूस. कोणती दोरी तुटलेली नाही, हे बघायची त्याची बहुतेक पहिलीच वेळ होती. शेवटी त्याने चावी उचलली, आणि मला वाटलं, गेली आता खिशात.

त्याने ती आईच्या हातात दिली.

"पण 'एल' लावल्याशिवाय नाही हं," तो कसाबसा म्हणाला.

"तो काय माझ्या कोटात आहे," मास्तर म्हणाले आणि खिशातून दुमडलेले दोन चौकोन काढून त्यांनी टेबलावर ठेवले. धडक झाली तेव्हा बोनेटवरचा हात लांबवून त्यांनी काढला, डिकीवरचा काकूंनी काढून दिला, दोन्ही लपवले आणि मग छताला हात टेकला, हे सांगताना त्यांचे कान लाल झाले.

७

आता राहिला माझा क्लेम.

"शिकाऊ परवाना?" मी विचारलं. काकूंनी पर्समधून काढून समोर ठेवला. चालू होता. शेजारी पक्का परवाना असलेला प्रशिक्षक होता. आमच्या पॉलिसीत एवढं असलं की पुरे. कुलूपवाल्याचं दार आमची कंपनी सरळ करून देणार होती.

"चूक कोणाची लिहू?"

"माझी," मास्तर म्हणाले. "तोंड उघडून ब्रेक म्हणायला हवं होतं. शिकवणाऱ्याची चूक."

"काही नाही, माझी," काकू म्हणाल्या. "ब्रेक माझ्या पायाखाली होता. ह्यांच्या पायाची वाट बघत बसले मी."

"अगं, पण..."

"तुम्ही मध्ये बोलू नका. क्लच मी सोडला."

दोन माणसं चूक मिळावी म्हणून भांडतायत, हे ऐकायला मी आमच्या साहेबांना बोलावायला हवं होतं. शेवटी मी त्यांना सांगितलं की आमच्या फॉर्मवर चूक चालकाच्या नावे लिहितात, आणि पेन उघडलं. 'चालकाचे नाव' ह्या रकान्यात मी काकूंचं पूर्ण नाव लिहिलं, आणि कागद सहीसाठी त्यांच्याकडे सरकवला.

काकूंनी चष्मा लावला. सगळा कागद वाचला. ऑफिस चालवलेली बाई, न वाचता सही कशी करेल? मग त्यांचं बोट एका जागी थांबलं.

"'चालक' इथे माझं नाव आहे," त्या म्हणाल्या.

"हो. तुम्हीच चालवत होतात ना."

"ह्या रकान्यात मी आजवर नुसती लोकांची नावं लिहिली." त्या नावावरून त्यांनी बोट फिरवलं, शाई वाळली आहे का बघितल्यासारखं. "मॅडम, ह्या कागदाची एक प्रत मला मिळेल?"

अपघाताच्या रिपोर्टची प्रत लोक माझ्याकडे कोर्टात भांडायला मागतात. ही बाई जपून ठेवायला मागत होती. मी म्हणाले, "मिळेल की," आणि फॉर्मच्या कोपऱ्यात 'दोन प्रती' असं लिहून ठेवलं.

सही झाली. मी निघाले तर काकू म्हणाल्या, "थांबा, कोपऱ्यापर्यंत सोडते."

नाही म्हणायची माझी हिंमत झाली नाही. सूनबाईंनी धुळीतल्या स्वच्छ चौकोनांवर दोन्ही 'एल' नीट चिकटवले. मुलगा निमूटपणे माझ्या शेजारी मागे बसला आणि त्याने पट्टा दोनदा ओढून तपासला. मास्तरांनी पुढे बसताना आधी बूट काढले, ते मागे माझ्याकडे दिले, आणि दोन्ही पाय उचलून सीटवर चक्क मांडी घातली. गुडघे दुखत होते तरी घातली.

"हे काय?" काकूंनी विचारलं.

"आजपासून तोंडाने सांगणार," मास्तर म्हणाले. "आरसा बघ."

काकूंनी आरसा बघितला, क्लच सोडला आणि गाडी उताराच्या रस्त्याला लागली. पिवळी व्हॅन समोर दिसू लागली. दारात उभ्या कुलूपवाल्याने आम्हाला पाहिलं, स्टिअरिंगवर कोण आहे ते पाहिलं आणि हातातली किल्ली खाली पाडली.

"ब्रेक!" मास्तर जन्मात पहिल्यांदा ओरडले.

"कधीच दाबलाय," काकू म्हणाल्या.

गाडी उभी होती. मागे मी आणि लिफ्टवाल्याने एकमेकांकडे पाहिलं, आणि मग दोघांनी मिळून जमिनीवर रोवलेले आपापले पाय हळूच मागे घेतले.